पाण्याखालचा जोडीदार

मंडळी, प्रवाळ खडकावर डायव्हिंगला गेलं की पाण्यात उतरण्याआधी होडीवरच एक काम असतं. उत्साहाच्या भरात बरेच जण ते कसंबसं उरकतात. ते काम म्हणजे जोडीदाराचं सामान तपासणं. जॅकेटमध्ये हवा भरते का आणि सुटते का, वजनाचा पट्टा एका हाताने झटकन काढता येतो का, टाकीची चावी पूर्ण उघडली आहे का. जोडीदाराला रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या श्वासाच्या साधनातून, दोन-तीन श्वास घ्यायला सांगायचं आणि त्या वेळी हवेच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा खाली-वर हलला तर चावी नीट उघडलेली नाही. त्याचा जादा रेग्युलेटर कुठे अडकवलाय, हेही बघायचं. बहुतेकदा त्याची नळी पिवळी असते. तुमची हवा संपली तर तुम्ही त्याच्याच टाकीतून श्वास घेणार आहात. म्हणून माझं मत असं आहे की मित्रांसोबतच्या डायव्हिंगचा दिवस इथे सुरू होतो, उडी मारल्यावर नाही.

१९४३ साली झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर बनवला. तुम्ही श्वास ओढला की तेवढ्यापुरती हवा मिळते, आणि तीही आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने. आपण पाण्याखाली सहज श्वास घेतो तो यामुळे. पण त्याची किंमत मोजावी लागते. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट लागते. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत (बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) भरली की तिच्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे, तेव्हा हाताशी राहिली १८०० लिटर. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ती २० मीटरवर अर्धा तास पुरते. त्याच्या शेजारचा शांत मित्र १२ लिटरवर भागवतो, त्याला अजून वीस मिनिटं मिळाली असती. तरी दोघं एकत्रच वर येतात, आणि ज्याची हवा आधी उतरते त्याच्या काट्यावर फेरी संपते. एखाद्याच्या हवेवरून त्याला चिडवणारे गट मी पाहिले आहेत आणि मला ते अजिबात आवडत नाही. चिडवलेला माणूस पुढच्या फेरीत आपला काटा उशिरा दाखवतो. आणि हवा वाचवायला श्वास रोखून धरायला लागतो, हे तर त्याहून वाईट.

खाली जाताना सगळ्यात जास्त सबुरी पहिल्या काही मीटरांत लागते. दाबातला तुलनेने सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो: पृष्ठभागावरची हवा १० मीटरवर निम्म्या जागेत मावते. कान दुखायची वाट न बघता नाक दाबून हळूच फुंकायचं. कान मोकळे झाले नाहीत तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. अशा वेळी जोडीदाराने तिथेच थांबावं, त्याच पातळीवर, समोर. घाई करायला लावणारा मित्र इथे उपयोगाचा नाही.

खाली पोचल्यावर आवाज पुष्कळ असतात. खडकावर सतत जी तडतड ऐकू येते, ती मुख्यतः नांगी आपटणाऱ्या कोळंब्यांची. पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने आला हे आपल्या कानांना कळत नाही. जोडीदार डावीकडे आहे की मागे, हे वळून बघावंच लागतं. खुणाही पक्क्या हव्यात. वर केलेला अंगठा म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

आणि मग खडक! इथे मी जरा रेंगाळणार आहे. वाळूतल्या एका बिळाच्या तोंडाशी गोबी नावाचा छोटा मासा बसलेला असतो. बीळ त्याचं नव्हे. ते खणते एक कोळंबी, जिची नजर फार अधू असते. ती वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. माशाने शेपटी थरथरवली की कोळंबी आत, आणि धोका जवळ आला तर मासाही तिच्यामागून आत. हे बघायचं असेल तर वाळूपासून थोडं अंतर ठेवून स्थिर राहावं लागतं आणि बराच वेळ द्यावा लागतो. जो गट खडकावरून झरझर पोहत जातो त्याला हे दिसत नाही. तांबड्या समुद्रात तर ग्रूपर आणि मोरे वाम जोडीने शिकार करतात. ग्रूपर कपारीशी जाऊन डोकं हलवून वामेला बोलावतो; वाम फटींत शिरते, ग्रूपर बाहेर टपून राहतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रेदुआन ब्शारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे सविस्तर मांडलं. दोन वेगळ्या जातींचे मासे खुणेने ठरवून शिकारीला निघतात, याचं मला आजही नवल वाटतं.

प्रवाळाला हात लावू नका, हे तुम्ही ऐकलं असेलच. पण हाताहून जास्त नुकसान फिन्स, म्हणजे पायात घातलेली वल्ह्यासारखी पाती, करतात, कारण त्या आपल्या नजरेमागे असतात. गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, त्यामुळे एका लाथेत अनेक वर्षांची वाढ जाते. तरंगणं सांभाळायचं ते श्वासाने: छाती भरली की किंचित वर, सोडली की किंचित खाली. जोडीदाराची फिन प्रवाळाजवळ गेलेली दिसली तर खूण करून सांगा. तो रागावत नाही, आणि रागावला तरी सांगा.

वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग नको, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. रक्तात आणि पेशींत विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून हा थांबा असतो. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली, त्यासाठी त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले होते. या वाटेत श्वास कधीही रोखू नका. शेवटच्या १० मीटरांत फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते.

होडीवर परतल्यावर दुसऱ्या फेरीआधी पुरेशी विश्रांती आणि भरपूर पाणी हवं. दिवसात एकापेक्षा जास्त फेऱ्या केल्या असतील तर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावेत. म्हणून तिकीट काढतानाच परतीचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं घ्या. सकाळी सगळ्यांनी मिळून नोंदवह्या भरा: किती खोल, किती वेळ, किती हवा उरली, काय दिसलं. चौघांच्या वह्यांत चार वेगळे मासे निघतात, आणि ते ओळखण्यावरून दुपारपर्यंत वाद चालतो.