निमित्ताशिवाय बसायची जागा

(मिनेसोटातल्या मंडळाच्या हिवाळी मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

आज मला माझ्या आईच्या हुकांपासून सुरुवात करायची आहे. ब्लाउजला लावायचे हुक. आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारात. आठवड्यातून एकदा तरी आई मंगळबाजारात जायला निघायची. सूरसागराच्या काठानं न्यायमंदिरापर्यंत चालत जायचं आणि तिथून लहेरीपुरा दरवाज्याच्या बाजूनं आत शिरायचं. कारण ठरलेलं असायचं. हुक संपले, साडीच्या रंगाचा फॉल मिळाला नाही, परकराची नाडी हवी. चारला निघालेली आई सातला घरी यायची आणि पिशवीत दहा रुपयांचा माल. आजी विचारायची, "एवढा वेळ कुठं गं लागला?" आई म्हणायची, "रंगच जुळत नव्हता."

त्या तीन तासांत तिला दोन मैत्रिणी भेटलेल्या असायच्या. बांगडीवाल्याकडे बसून कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची बोलणी ऐकलेली असायची. शेवउसळ खाल्लेली असायची, ते मात्र घरी सांगायचं नाही. आणि त्याच संध्याकाळी बाबा सूरसागराच्या कठड्यावर मित्रांबरोबर बसलेले असायचे. त्यांना कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही तिथं काय करता. आईला मात्र घराबाहेर वेळ घालवायला निमित्त लागायचं, आणि बाजार ते पुरवायचा. बायकांना खरेदीची हौस फार, असं आपण सहज म्हणून जातो. माझ्या आईला खरेदीची हौस नव्हती. तिला बाहेर बसायचं होतं.

हे कळायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून आज बोलते आहे.

बडोद्यात विनानिमित्त जाता येईल अशाही जागा होत्या, आणि त्या आपोआप झालेल्या नव्हत्या. कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, 1879 ची. विश्वामित्रीच्या काठची एवढी मोठी बाग, आत बँडस्टँड, प्राणिसंग्रहालय, पुढं 1894 मध्ये म्युझियम. रविवारी आम्ही सगळे तिथं जायचो. डब्यात थालीपीठ, बरोबर सतरंजी. आई झाडाखाली आडवी व्हायची आणि तासभर कुणाशी बोलायची नाही. घरात मी तिला दिवसा आडवं झालेलं कधी पाहिलं नाही.

दुसरी जागा मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. इथं बसलेल्या आपल्याला तिचा अभिमान जरा जास्तच वाटावा, कारण ती उभी करायला अमेरिकेतून माणूस गेला होता. तिसऱ्या सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग प्रश्न आला की ही साक्षर झालेली माणसं वाचणार काय आणि कुठं बसून? अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी इथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. न्यू हेवनच्या विल्यम बॉर्डन यांना त्यांनी 1910 मध्ये बडोद्याला नेलं. तीन वर्षांत बॉर्डन यांनी ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, ग्रंथपालांना शिकवलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. त्या इमारतीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की कुणाच्या तरी पावलांची सावली सरकताना दिसायची. लहानपणी मी पुस्तक हातात धरून त्या सावल्याच बघत बसे आणि मला कुणी हटकलं नाही. प्रजेच्या फावल्या वेळाला घर बांधून द्यायचं असतं, हे त्या राजाला कळलं होतं.

आता मॉलकडे येते. गेल्या दिवाळीत बडोद्याला गेले होते. भाचीनं हट्टानं एका मोठ्या मॉलमध्ये नेलं. बाबा बरोबर होते, वय ऐंशीच्या पुढं. थोडं चालून दमले आणि एका मोठ्या कुंडीच्या कडेवर टेकले. रखवालदार आला, अगदी अदबीनं म्हणाला, "काका, अहीं ना बेसाय." बाबा काठी टेकत उठले. मग आम्ही तीन कॉफ्या घेतल्या आणि त्या कॉफ्यांवर तीन खुर्च्या मिळाल्या. बाबांना कॉफी नको होती, खुर्ची हवी होती.

मी चिडले होते. भाचीला म्हटलं, तुम्ही मैत्रिणी इथंच का येता? ती म्हणाली, "मावशी, इथं बाथरूम स्वच्छ असतं. मे महिन्यात गार असतं. आणि चार मुली रात्री नऊपर्यंत हसत बसल्या तरी कुणी वळून बघत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सूरसागराच्या कठड्यावर तिच्या आजीला कुणी बसू दिलं असतं का? मॉलला नावं ठेवणाऱ्यांनी, मीसुद्धा, आधी या मुलीचं ऐकावं. तिलाही निमित्त लागतंच, फक्त हुकांऐवजी कॉफी, आणि ते महाग आहे. ज्या मुलीच्या पर्समध्ये कॉफीचे पैसे नाहीत ती कुठं बसणार, हा प्रश्न उरतोच.

गंमत बघा, छताखालचा, वातानुकूलित मॉल जन्मला तो आपल्या शेजारी, ईडायनात. साउथडेल उघडलं 8 ऑक्टोबर 1956 ला. ते रचणारे व्हिक्टर ग्रुएन मूळ व्हिएन्नाचे, 1938 मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आलेले. मोटारीशिवाय कुठं जाता येत नाही, माणसं एकमेकांना भेटत नाहीत, हे उपनगरातलं जिणं त्यांना खुपत होतं. व्हिएन्नाच्या चौकासारखं काहीतरी त्यांना इथल्या बर्फात उभं करायचं होतं. आत झाडं, कारंजी, पक्ष्यांचा पिंजरा. भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं, असा त्यांचा आराखडा होता. प्रत्यक्षात दुकानं झाली आणि भोवती गाड्यांचं मैदान झालं. जगभर नक्कल झाली ती त्या दुकानांची. उतारवयात ग्रुएन यांनी या मॉलांशी आपलं नातंच नाकारलं आणि ते व्हिएन्नाला परतले. मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. त्याला कमाटीबाग बांधायची होती.

तरीही उणे वीसच्या थंडीत, दुकानं उघडण्याआधी, सकाळी मॉलमध्ये चालणारी म्हातारी माणसं आपण पाहतो. माझे बाबा इथं आले की त्यांच्यातच असतात. तास-दीड तास. उरलेला दिवस काय? तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. गाडी चालवता येत नाही, बस नाही, समोर बर्फ. आपण कामावर, मुलं शाळेत. संध्याकाळी आपण विचारतो, "आज काय केलं?" त्या प्रश्नात मला हल्ली आजीचा आवाज ऐकू येतो.

आपलं मंडळ गणपती करतं, दिवाळी करतं, संक्रांतीचं हळदीकुंकू करतं. सगळं सुंदर होतं आणि सगळ्याला निमित्त असतं. तिळगूळ वाटून झाला की खुर्च्या गोळा करायची घाई होते, कारण हॉल नऊला रिकामा करायचा असतो. निवांत गप्पा होतात त्या पार्किंगमध्ये, कुडकुडत.

म्हणून माझी एक विनंती आहे आणि ती मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. गावच्या कम्युनिटी सेंटरमधली मागची छोटी खोली आपण दर शनिवारी दुपारी दोन ते पाच घ्यायची. कार्यक्रम नको, सूत्रसंचालन नको, वर्गणीची वही नको. चहाचं भांडं, कॅरम, पत्ते, थोडी मासिकं. कुणी आडवं व्हायचं म्हटलं तर कोपऱ्यात सतरंजी. यायला कारण सांगायचं नाही आणि उशिरा घरी जाताना तर मुळीच नाही.

किल्ली मी सांभाळते. येत्या शनिवारपासून मी तिथं आहे, कुणी आलं नाही तरी पाचपर्यंत बसेन. खोलीला मागचं दार आहे, तिथून पायऱ्या लागत नाहीत, काठी असलेल्यांना बरं. ज्यांचे आईबाबा सध्या इथं आहेत आणि दिवसभर घरात एकटे असतात, त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला नाव आणि पत्ता द्या. चौघांनी गाड्या आणायचं कबूल केलं आहे, आणखी दोन गाड्या लागतील.