जाहिरातीतलं ॲव्हरेज आणि रस्त्यावरचं ॲव्हरेज

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत, तर रद्दीतल्या एखाद्या इंग्रजी मासिकात छोट्या गाडीची जाहिरात सापडते. 'गॅलनला चाळीस मैल!' अशा थाटाची. घरी जुनी फियाट किंवा मारुती आठशे जपणारा माणूस तो आकडा आपल्या गाडीशी ताडून बघतो, हिरमुसतो आणि गाडी थेट मेकॅनिककडे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडायला नेतो. त्याआधी तो आकडा आला कुठून, हे बघायला हवं.

पहिली गोष्ट गॅलनची. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. आपल्याकडे मेट्रिक मापं येण्याआधी ब्रिटिश गॅलनच चालायचा. त्यामुळे तेच चाळीस मैल अमेरिकन मासिकात लिटरला १७ किलोमीटर होतात आणि ब्रिटिश मासिकात १४.२. आकडा एकच, फरक जवळजवळ तीन किलोमीटरचा.

दुसरी गोष्ट, गाडी चालवली कोणी आणि कशी? अमेरिकेत १९६८ पर्यंत मोबिल इकॉनॉमी रन ही कमीत कमी पेट्रोलमध्ये गाडी चालवायची स्पर्धा व्हायची. त्यात पेट्रोल वाचवण्यात मुरलेले ड्रायव्हर हलक्या पायानं गाडी हाकायचे आणि कंपन्या तो निकाल जाहिरातीत मिरवायच्या. युरोपात पुढे शहराचा एक आणि ताशी ९० व १२० किलोमीटर या स्थिर वेगांचे दोन, असे तीन आकडे देत. त्यातला ९०चा आकडा दिसायला सर्वांत देखणा. पण लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी टॉप गिअर पडतच नाही, तिथे तो काय कामाचा? अमेरिकन सरकारनं अखेर १९८५च्या मॉडेलांपासून प्रयोगशाळेतल्या शहराच्या आकड्यातून १० टक्के आणि हायवेच्या आकड्यातून २२ टक्के कापूनच लेबल छापायला लावलं. जुन्या परदेशी जाहिरातीचा आकडा वाचताना निदान एवढी कात्री आपणही लावावी.

हॉर्सपॉवरचंही तेच. १९७२च्या मॉडेलांपूर्वी अमेरिकन कंपन्या बहुधा ग्रॉस आकडा छापत. म्हणजे इंजिन बेंचवर, एअर क्लीनर नाही, फॅन नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. चाकापर्यंत पोचणारी ताकद त्याहून बरीच कमी.

आता आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं ते सांगतो. हडपसरला पंपावर टाकी भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वरून ठासून भरू नका. मीटरचं रीडिंग लिहून घ्या. सोलापूर रस्त्यानं भिगवणपर्यंत जाऊन परत या. साधारण दोनशे किलोमीटर होतात आणि रस्ता बराचसा सपाट आहे. परतल्यावर तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच जागी त्याच दिशेला उभी, आणि पुन्हा पहिल्या कटला थांबायचं. एवढं लांब कशाला, असं वाटेल. पण भरण्यात अर्ध्या लिटरची चूक सहज होते. बारा लिटर जळले असतील तर ती चूक चार टक्क्यांची. पन्नास किलोमीटरवर तीनच लिटर जळले, तर तीच चूक जवळजवळ सतरा टक्के हिशेब बिघडवते.

कात्रज घाटाच्या बाजूला हा प्रयोग करू नका. चार माणसं बसलेल्या आठशेला शंभर मीटर उंची चढायला साधारण सव्वाशे मिलिलिटर पेट्रोल जादा लागतं, आणि उतरताना त्यातलं बरंचसं ब्रेकच्या उष्णतेत जातं.

मीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. आठशेचा टायर १४५/७० आर १२. मिळत नाही म्हणून १५५/७० बसवला, तर चाकाचा व्यास पावणेतीन टक्क्यांनी वाढतो. मीटर ४०० दाखवतं तेव्हा गाडी ४११ किलोमीटर गेलेली असते. ॲव्हरेज उगाच कमी दिसतं आणि शिव्या कार्ब्युरेटरला बसतात. फार जुन्या गाडीत मीटर मैलांचं तर नाही ना, हेही बघून घ्या.

इतकं करूनही आकडा फारच कमी आला, तर आधी फुकटातल्या तपासण्या करा. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. घासत थांबलं तर ब्रेक चिकटतोय. चोकची नॉब आत ढकलली तरी कार्ब्युरेटरवरचा फ्लॅप पूर्ण उघडतो का, हे एअर क्लीनर काढून डोळ्यांनी बघा. केबल अडकली की तो अर्धवट मिटलेला राहतो, हवा कमी पडते आणि पेट्रोल जास्त जातं. प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय.

आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, म्हणजे सहा-सात टक्के ॲव्हरेज तिथेच गेलं. ते भरून काढायला जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, बदलू नका. साफ करताना जेटमध्ये तारही घालू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग नवा जेट आणावाच लागतो. कार्ब्युरेटर क्लीनर मारून कॉम्प्रेसरच्या हवेनं तो साफ होतो.