समासातली मजुरी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत, सातवीच्या फळ्यावर बी.एड.ची एक छात्राध्यापिका हिशेब मांडते आहे. ४० पणत्यांसाठी माती, जळण आणि रंग मिळून १७० रुपये खर्च आला; भट्टीतून काढताना ६ फुटल्या. एक पणती कितीला पडली, असे विचारताच मुले सव्वाचार रुपये सांगतात. कुंभाराघरची एक मुलगी मात्र म्हणते, "बाई, फुटलेल्या कोण घेणार? ३४ नं भागा." उत्तर पाच रुपये येते. आईने दोन दिवस माती मळली, तिची मजुरी यात धरलेलीच नाही, हेही तीच दाखवून देते.

उद्योजकतेचा हा पाठ छात्राध्यापिकेने स्वतःच्या हौसेने घेतला आहे. अध्यापक महाविद्यालयाच्या एखाद्या पेपरात उद्योजकतेचा घटक घालून 'उद्योजकाचे गुण स्पष्ट करा' एवढेच विचारले, तर भावी शिक्षक दहा मुद्दे पाठ करतो, गुण मिळवतो आणि एकदाही भट्टीजवळ न जाता वर्गात उभा राहतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचे प्रत्यक्ष काम, आली. हे आठवडे कशात घालवायचे, नोंदवहीत कोणते काम मोजायचे आणि त्याला किती गुण ठेवायचे, हे अभ्यासक्रम ठरवतो. ज्या कामाला गुणच नाहीत, ते काम सराव पाठांच्या आणि टाचणांच्या (पाठाच्या लेखी आराखड्यांच्या) धबडग्यात छात्राध्यापकांनी मनापासून करावे, अशी अपेक्षा धरणे त्यांच्यावर अन्यायाचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे पाठवण्याचे सुचवले आहे. ते दिवस आखायचे शिक्षकाने, मग त्याची तयारी आंतरवासितेतच व्हायला नको का?

इथे शिकण्यासारखे तर दाराशी आहे. खानापुरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, बेळगाव शहराच्या वडगाव-शहापुरात माग आहेत, निपाणीत तंबाखूचा व्यापार आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या क्षेत्रात बेळगाव जिल्हाही येतो, आणि अथणीचे कारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या शिवत आले आहेत. साऱ्या महाविद्यालयांसाठी एकच आराखडा करणाऱ्या विद्यापीठाला अथणीचे चामडे आणि खानापूरची माती दोन्ही एकाच पानावर बसवता येणार नाहीत. म्हणून काही तासिका गुणांसह मोकळ्या ठेवून त्या महाविद्यालयांवर सोपवाव्यात, असे आम्हांला कळकळीने वाटते. गिऱ्हाईक कानडीत घासाघीस करते आणि घरचा हिशेब मराठीत होतो, हेही त्या तासिकांत यायला हवे.

तास संपला आहे. टाचणाच्या छापील नमुन्यात उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, मूल्यमापन असे रकाने आहेत. कुंभारणीच्या दोन दिवसांच्या मजुरीची नोंद छात्राध्यापिका पेन्सिलीने समासात करते आहे.