लीगमध्ये ११वे, आशियात पहिले

मंडळी, २००६ सालच्या के-लीगच्या, म्हणजे दक्षिण कोरियाच्या फुटबॉल लीगच्या गुणतक्त्यात जेओनबुक ह्युंदाई मोटर्स या क्लबचं नाव शोधायचं तर बरंच खाली यावं लागतं. १४ संघांत ११वे. आणि त्याच वर्षी हे आशियाचे विजेते! आदल्या वर्षी कोरियन एफए कप ही देशातली चषक स्पर्धा जिंकली होती, म्हणून आशियाई चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेचं दार उघडलं होतं, एवढंच.

तो चषक आला कसा, ते ऐका. बाद फेऱ्यांत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने, एक घरी, एक त्यांच्याकडे, आणि दोन्हींचे गोल मिळवून निकाल. उपांत्यपूर्व फेरीत शांघाय शेनहुआच्या मैदानावर ०-१ हरले, जेओन्जूला, म्हणजे आपल्या शहरात परतून ४-२ जिंकले. उपांत्य फेरीत समोर उल्सान, म्हणजे देशातलेच प्रतिस्पर्धी. स्वतःच्या मैदानावर २-३ हार. मग उल्सानला जाऊन ४-१. अंतिम फेरीत सीरियाचा अल-करामा. घरी मिळवलेली २-० ची आघाडी अल-करामाच्या शहरात, होम्समध्ये, पार पुसली गेली. सामना संपत आलेला असताना ब्राझीलच्या झे कार्लोने गोल मारला. तिथे १-२ हरले, पण एकूण गोलांत ३-२ ने चषक यांचा. म्हणजे बघा, तिन्ही बाद फेऱ्यांत एकेक सामना हरून विजेतेपद!

माझं म्हणणं असं, की प्रशिक्षक चोई कांग-ही यांच्या या संघाला दोन सामन्यांचा हिशेब मानवायचा. पहिल्यात मार खायचा, दुसऱ्यात वसूल करायचं.

२०११ पाहा. उपांत्यपूर्व फेरीत सेरेझो ओसाका या जपानी क्लबकडून जपानात ३-४ हरले आणि घरी ६-१ ने उट्टं काढलं; त्यात ली डोंग-गूकचे एकट्याचे चार गोल. त्या वर्षी के-लीगही जिंकली. पण अंतिम सामना तेव्हा एकच असायचा. तो जेओन्जूतच होता, स्टेडियम भरलेलं, समोर कतारचा अल-साद. दुखापतीतून सावरणारा ली डोंग-गूक सुरुवातीला बाकावर. भरपाई वेळेत ली सेउंग-ह्यूनने २-२ अशी बरोबरी साधली, आणि पेनल्टीत घात झाला. परतीचा सामना नव्हता ना!

२०१६ मध्ये अंतिम फेरी पुन्हा दोन सामन्यांची झाली होती. त्या वर्षीची घरची कथा वाईट आहे. क्लबच्या स्काऊटने, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्याने, २०१३ मध्ये पंचांना पैसे दिल्याचं प्रकरण उघड झालं, लीगमध्ये ९ गुण कापले गेले, आणि शेवटच्या दिवशी एफसी सोलने यांच्याच मैदानावर १-० ने जिंकून विजेतेपद नेलं. तीन आठवड्यांच्या आत हेच संयुक्त अरब अमिरातीच्या अल-ऐनला एकूण ३-२ ने हरवून दुसऱ्यांदा आशियाचे विजेते झाले. अल-ऐनचे प्रशिक्षक होते झ्लात्को दालिच, ज्यांनी पुढे क्रोएशियाला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नेलं. आनंद फार टिकला नाही. त्याच पंच-प्रकरणावरून जेओनबुकला २०१७ च्या स्पर्धेतून वगळलं गेलं. विजेत्यांना चषक राखायची संधीच नाही! मला विचाराल तर शिक्षा योग्यच होती.

२०२२ मध्ये बाद फेऱ्या एकेका सामन्याच्या होत्या. कोरियाचाच देगू आणि जपानचा व्हिसेल कोबे यांना जेओनबुकने जादा वेळेत हरवलं, तेव्हा माझा सिद्धांत थोडा डळमळला, हे खरं. मग जपानमधल्या साइतामात तिथल्याच उरावा रेड्सविरुद्ध उपांत्य सामना. अगदी शेवटच्या क्षणी उरावाने २-२ केलं, आणि पुन्हा पेनल्टी, पुन्हा हार.