पोच आणि कबुली : ‘अ‍ॅक्नॉलेज’ या शब्दाविषयी

चिनी मातृभाषा असलेला विद्यार्थी ‘अ‍ॅक्नॉलेज’ हे इंग्रजी क्रियापद शब्दकोशात पाहतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा सर्वप्रथम येतो तो ‘छंगरन’ हा प्रतिशब्द. तो चुकीचा नाही. परंतु चूक कबूल करणे, पराभव मान्य करणे आणि एखाद्या सरकारला मान्यता देणे या तिन्ही क्रियांना चिनी भाषेत हाच शब्द चालतो, त्यामुळे इंग्रजी शब्दाची जी किमान मर्यादा आहे, ती त्यात दिसेनाशी होते.

ही मर्यादा मराठी माणसाला समजावणे सोपे आहे. आपण सरकारी कार्यालयात अर्ज देतो आणि आपल्याकडील प्रतीवर आवक विभागाचा शिक्का मारून घेतो. तो शिक्का म्हणजे पोच. कागद पोहोचला, एवढेच तो सांगतो; मागणी मंजूर झाली असे त्यावरून कोणी समजत नाही. इंग्रजी पत्रव्यवहारात पत्र मिळाल्याचे ‘अ‍ॅक्नॉलेज’ करा असे लिहितात तेव्हा हीच पोच अपेक्षित असते, आणि चिनी भाषेत तेथे ‘छंगरन’ चालत नाही. ‘मिळाल्याची खात्री देणे’ अशा अर्थाची वेगळी शब्दयोजना करावी लागते. प्रबंधातील ऋणनिर्देशासाठी तर आभारवाचक असा तिसराच शब्द आहे. हे दोन्ही उपयोग पाठ करून भागते. खरी अडचण मतांच्या बाबतीत येते.

समोरच्याचे मत आपण ‘अ‍ॅक्नॉलेज’ केले, तर आपण ते ऐकले आणि ते त्याचे मत आहे हे जाणले, इतकेच सिद्ध होते. फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिका आणि चीन यांनी मिळून काढलेल्या शांघाय घोषणापत्रात अमेरिकेने हा शब्द याच हिशोबाने वापरला : तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे सर्व चिनी लोक चीन एकच आहे आणि तैवान त्याचा भाग आहे असे मानतात, हे अमेरिका ‘अ‍ॅक्नॉलेज’ करते. चिनी संहितेत तेथे ‘रन्शदाओ’ म्हणजे ‘जाणीव असणे’ असे शब्द होते. इंग्रजी शब्दाच्या पोटातही ‘जाणणे’ हीच क्रिया असल्याने हे भाषांतर मला अधिक नेमके वाटते.

1 जानेवारी 1979 पासून दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. त्यासाठीच्या संयुक्त निवेदनात इंग्रजी मजकूर दोन वेगळी क्रियापदे वापरतो. चीनच्या जनवादी प्रजासत्ताकाचे सरकार हे चीनचे एकमेव कायदेशीर सरकार असल्याचे अमेरिका ‘रेकग्नाइज’ करते. तैवानविषयीची चीनची भूमिका मात्र ती ‘अ‍ॅक्नॉलेज’ करते. चिनी मजकुरात दोन्ही ठिकाणी ‘छंगरन’च आहे. अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीपुढे हा प्रश्न निघाला, तेव्हा तत्कालीन उपपरराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्टोफर यांनी आपल्या दृष्टीने इंग्रजी मजकूरच बंधनकारक असून ‘अ‍ॅक्नॉलेज’ हाच शब्द निर्णायक आहे, असे सांगितले. आपणही मराठीत दोन्हीकडे ‘मान्य करणे’ लिहिले, तर वेगळे काही करत नाही; पहिल्या ठिकाणी ‘मान्यता देणे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘दखल घेणे’ असे लिहिल्यास अंतर बऱ्याच अंशी राखले जाते.

व्याकरणाबद्दल थोडक्यात सांगतो. या क्रियापदानंतर नाम, ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य किंवा ‘इंग’ प्रत्ययाचे रूप येते. ‘टू’ लावलेले रूप येत नाही. चिनी क्रियापद रूप बदलत नसल्यामुळे ही चूक तिकडच्या विद्यार्थ्यांकडून सहज होते, पण ती वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते आणि सुधारता येते. अर्थाची चूक तशी दिसत नाही. 1979 च्या निवेदनातील ही दोन वाक्ये फक्त चिनीत विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत आणि त्यांचे इंग्रजी करायला सांगावे : कोणत्या वाक्यात कोणते क्रियापद होते, हे शोधण्यासाठी त्या मजकुरातील क्रियापद त्यांना कसलीही मदत करत नाही.