डोळ्याला चढ, पाण्याला उतार

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते उतार असून चढ दिसणाऱ्या रस्त्यांबद्दल. लेहहून कारगिलकडे निघालं की साधारण ३० किलोमीटरवर असा एक रस्ता लागतो. मॅग्नेटिक हिल म्हणतात त्याला. तिथं गाडी न्यूट्रलला सोडली की ती आपणहून चढ चढतेय असं वाटतं. पण लेहला कशाला जायचं? तुम्हाला आमच्या बेलापूरच्या गल्लीतच नेतो.

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची सोसायटी. वरच्या वळणापासून गल्ली चांगली घसरगुंडीसारखी आमच्या फाटकापर्यंत उतरते आणि तिथून पुढं मोठ्या नाल्याला मिळते. एका मे महिन्यात गल्लीच्या कडेनं नवं गटार बांधायला घेतलं. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी. वळणावरून खाली बघितलं आणि छातीत धस्स झालं. फाटकापुढची गल्ली नाल्याकडं चढत गेलेली! म्हणजे डोंगराचं सगळं पाणी आमच्या फाटकात साचणार. तळमजल्यावरच्या काकूंना बोलावलं, त्यांनाही तेच दिसलं. म्हणाल्या, "अहो, माझ्या ओट्याखाली पाणी येईल हो!"

मी तडक मिस्त्रींकडे गेलो. "मिस्त्री, ढाळ उलटा दिलाय तुम्ही. काम थांबवा."

मिस्त्री साठीचे, मूळचे साताऱ्याकडचे. चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, ढाळ बरोबर हाय. पाण्यालाच इचारू."

त्यांनी लेव्हल पाईप काढला. तोच, पाणी भरलेली पारदर्शक नळी. आधी नखानं टिचक्या मारून आतले बुडबुडे वर काढले. एक टोक फाटकाच्या खांबाला मी धरलं, दुसरं घेऊन ते नाल्याकडं साठेक फूट चालत गेले. चालताना दोन्ही टोकांवर अंगठे दाबलेले. मग ओरडले, "सोडा!" पाणी नळीत वरखाली डुललं, डुललं आणि थांबलं. दोघांनी पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीनं खूण केली. मग टेपनं खुणेपासून जमिनीपर्यंत मोजलं. माझ्याकडं ४२ इंच. त्यांच्याकडं ४७.

माप जास्त तिथं जमीन खाली. पुन्हा सांगतो, माप जास्त तिथं जमीन खाली. आम्हाला चढ दिसत होता तिथं पाच इंचांचा उतार होता.

मी मिस्त्रींची तिथंच, काकूंसमोर माफी मागितली. आजही वाटतं, शाळेत प्रत्येक मुलाच्या हातात एकदा तरी हा पाईप द्यावा. आता लेझर आलेत, चांगलेच आहेत, पण नळीतलं पाणी थांबताना बघितलं की सपाटी म्हणजे काय ते कळतं. आणि गटाराचा विषय निघालाच आहे तर, नालेसफाई मे संपायच्या आत व्हायला हवी आणि काढलेला गाळ काठावर ठेवता कामा नये. पहिल्या सरीत तो परत आत जातो.

तर, असं का दिसतं? सपाट काय हे डोळा क्षितिजावरून ठरवतो. क्षितिज डोंगराआड गेलं की तो भिंती, झाडं, आजूबाजूचे उतार यांचा आधार घेतो. तीव्र उताराला लागून मंद उतार आला की तो मंद उतार चढासारखा दिसतो. आमच्या गल्लीतली दगडी भिंतही नाल्याकडं ठेंगणी होत जाते, त्यानं फसवणुकीत भरच घातली. इटलीत पादुआ विद्यापीठाच्या पाओला ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी टेबलावर रस्त्यांच्या छोट्या प्रतिकृती मांडून हाच भास तयार केला. त्यांचा निबंध २००३ साली छापून आला. टेबलावर ना डोंगर, ना चुंबक. लेहच्या रस्त्यातही चुंबक नाही. गाडी तिथं उतारावरूनच जाते.

एक कळकळीची विनंती. असल्या जागी गंमत म्हणून गाडी सोडायची तर मागचापुढचा रस्ता मोकळा बघा. आणि पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करून उतरू नका. इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात.

त्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला तेव्हा छत्री घेऊन मी वळणावर उभा राहिलो. गढूळ पाणी फाटकापाशी क्षणभरही न थांबता नाल्याकडं धावत होतं, माझ्या डोळ्यांदेखत, चढावर. त्याला बरीच वर्षं झाली. खांबावरची पेन्सिलीची खूण पुसली गेली. उतार पाच इंचांचा आहे हे मला पाठ आहे. तरी कालच त्या वळणावरून बघितलं, तर चढच दिसला.