मंधातच आभाय आलं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी नुकतीच सरली होती. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका गावात, एका काकांच्या वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा सुरू झाला होता. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला आपल्या वावराचा व्हिडिओ हवा होता, वरून काढलेला. मी ड्रोन नवीनच घेतला होता, हात शिवशिवत होते. धुऱ्यावरच्या बाभळीपासून उडवला, उखरून ठेवलेल्या काळ्या मातीवरून पांढऱ्याशुभ्र पऱ्हाटीवर नेला आणि कॅमेरा हळूहळू वर उचलत थेट आभाळापर्यंत आणला. मनात म्हटलं, जमलं! संध्याकाळी ओसरीत बसून काकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा चढवून शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "माह्या वावरावर मंधातच आभाय आलं काय रे बाबू?"

आभाळ कुठलं! त्या दिवशी औषधालाही ढग नव्हता. पण काकांचं बरोबर होतं. काळ्या मातीवर असताना चित्र उजळ होतं, पऱ्हाटी आली तसं एकदम मळकं झालं, आणि कॅमेरा वर गेला तेव्हा खालचं वावर पार अंधारात बुडालं. हा उजेडाचा उतारचढाव आभाळाने केला नव्हता, माझ्या ड्रोनने केला होता.

मी लग्नाचं आणि शेताचं शूटिंग करणारा माणूस आहे. आज याच 'आभाया'बद्दल बोलतो, कारण गावोगावी आता ड्रोन आलेत आणि दहातल्या नऊ व्हिडिओंत मला ते दिसतं.

होतं काय, तर कॅमेरा ऑटोवर असला की उजेड तोच ठरवतो. आणि त्याची समजूत एकच: समोर जे काही आहे ते सरासरी, मध्यम राखाडी असलं पाहिजे. आपली रेगूर माती दाखवली तर त्याला वाटतं अंधार झाला, म्हणून तो उजेड वाढवतो आणि काळी माती राखेसारखी दिसते. कापूस दाखवला तर त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो कमी करतो आणि फुटलेली बोंडं धुळीत लोळून आल्यासारखी दिसतात. बिचारा प्रामाणिक आहे, पण त्याला माती आणि कापूस यातला फरक कळत नाही. तो आपल्याला कळतो. म्हणून उजेड आपण ठरवायचा आणि शॉट संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मॅन्युअल एक्स्पोजर म्हणतात ते एवढंच.

ठरवायचं कशावरून? माझी पद्धत सांगतो. ड्रोन वीसेक मीटर वर न्यायचा, जागेवर गर्रकन फिरवायचा, आणि शॉटमध्ये सगळ्यात उजळ काय येणार ते बघायचं. कापूस असेल, टिनाचं छप्पर असेल, सूर्याच्या बाजूचं आभाळ असेल. त्याच्यावर उजेड बसवायचा. सावलीतलं थोडं काळं राहिलं तर संगणकावर नंतर वर काढता येतं. पण जे जळून पांढरं झालं ते गेलं. तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं, तर काढणार कुठून?

आणि मोबाइलच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडचं ऊन असं की पडद्यात आपलंच तोंड दिसतं. त्यातून फोन तापला की तो स्वतःच पडदा मंद करतो. मग आपल्याला चित्र अंधारं वाटतं, आपण उजेड वाढवतो, आणि घरी येऊन पाहतो तर कापसाच्या जागी नुसती पांढरी चादर. ॲपमध्ये झेब्रा नावाची सोय असते, जास्त उजळ भागावर तिरप्या रेघा येतात. ती चालू ठेवा. पडदा खोटं बोलेल, रेघा बोलत नाहीत.

आता शटर, म्हणजे एकेका फ्रेमसाठी, व्हिडिओतल्या एकेका चित्रासाठी, कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून तुम्हीच एक करून बघा. आपला हात डोळ्यांसमोर धरा आणि जोरात हलवा. बोटं वेगवेगळी दिसतात का? नाही, पुसटशी दिसतात, एकात एक मिसळलेली. हलणारी वस्तू अशी थोडी पुसट दिसायची आपल्या डोळ्याला सवय आहे. कॅमेऱ्याचं शटर एक छेद तीन हजार सेकंद इतकं झटपट उघडझाप करायला लागलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बोट न् बोट कोरल्यासारखं येतं, आणि पुढच्या फ्रेममध्ये ते भलतीकडेच असतं. मधलं काही नाही. व्हिडिओ कटकट तुटल्यासारखा वाटतो.

याचा हिशेब फार सोपा आहे. ड्रोन ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने पऱ्हाटीच्या शेंड्यांवरून चालला आहे समजा. एक छेद ३२०० सेकंदात तो सरकतो जेमतेम ३ मिलिमीटर. एक छेद ५० सेकंदात सरकतो २० सेंटिमीटर. म्हणजे हातभर नाही, पण वीतभर नक्की. ती वीतभर पुसट रेघच डोळ्याला वेगाची जाणीव देते. म्हणून सिनेमावाल्यांचा जुना दंडक असा की सेकंदाला जितक्या फ्रेम, त्याच्या दुप्पट शटर. २५ फ्रेम तर एक छेद ५०. ५० फ्रेम तर एक छेद १००.

अडचण इथेच आहे. आपल्या उन्हात एक छेद ५० ठेवलं तर चित्र पांढरंफटक होतं. छोट्या ड्रोनच्या भिंगाचं छिद्र बहुधा ठरलेलं असतं, लहान करता येत नाही. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची ताकद, ती तर आधीच १०० वर, त्याच्या खाली बऱ्याचदा जातच नाही. मग उरतं काय?

माझे गुरू तालुक्यातले जुने स्टुडिओवाले. रिळाच्या जमान्यातला माणूस, प्रकाशमापक न लावता फोटो काढायचे. त्यांचा ठोकताळा होता: लख्ख ऊन, छिद्र एफ १६, आणि रिळाच्या डब्यावर जो आकडा तेच शटर. १०० चं रीळ तर एक छेद १००. आता हा ठोकताळा आपल्या ड्रोनला लावा. डीजेआय कंपनीच्या मिनी २ सारख्या ड्रोनचं छिद्र एफ २.८. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. एफ १६ पासून तिथपर्यंत पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. १०० चे २००, २०० चे ४००, मग ८००, १६००, ३२००. म्हणजे भर उन्हात शटर लागणार एक छेद ३२००. आणि आपल्याला हवं एक छेद ५०. ३२०० भागिले ५०, उत्तर ६४.

तेच तुमच्या फिल्टरचं नाव! एनडी ६४. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी, भिंगावर चढवायची काळपट काच. एनडी ६४ उजेडाचा चौसष्टावा भाग आत सोडते, एनडी १६ सोळावा. भिंगाला घातलेला गॉगल म्हणा. न्यूट्रल अशासाठी की रंग बदलू नये, फक्त उजेड कमी व्हावा. स्वस्तातली काच घेतली तर ती रंगही बदलते. माझ्या पहिल्या संचातल्या एका काचेने अख्ख्या नवरदेवाच्या वरातीला कावीळ केली होती. ज्या दुकानातून घेतली त्याने सांगितलं होतं, "लावा फक्त, डायरेक्ट पिक्चर दिसते." दिसलं, पण पिवळं.

मिनी ३, मिनी ४ प्रो यांचं छिद्र मोठं, एफ १.७. त्यातून २.८ च्या पावणेतीन पट उजेड येतो, म्हणून तिथे दुपारी एनडी १२८ लागते. हिवाळ्यात सकाळचं धुकट ऊन असेल तर १६ पुरते. सूर्य टेकला की ८ किंवा ४, आणि बुडाला की काढून ठेवा. काढायची आठवण राहत नाही, ही माझी स्वतःची खोड. गॉगल घालून अंधाऱ्या कोठीत शिरल्यासारखं होतं. मग आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्रात रवाळ कचकच येते. आकडा तंतोतंत जुळला नाही तर जीव काढू नका. एक छेद ६०, एक छेद ८०, सगळं चालतं. आणि शंभर मीटर उंचीवरून गाव दाखवायचं असेल तर या शटरच्या भानगडीचा फरक फार थोडा दिसतो. तिथे मी कंटाळा आला तर फिल्टर लावतही नाही. पिकाचे फोटो काढून नकाशा जोडायचा असेल तर उलट फिल्टर नकोच, तिथे झटपट शटर हवं. पुसटपणा तिथे नुकसानीचा.

पण खालून उडायचं असेल, बाजूने काही पळत असेल, तर मात्र कंजुषी करू नका. आमच्याकडे हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती भरतात. तळेगाव दशासरचा पट तर सगळ्यांना ठाऊक आहे. पटात जोडी सुटली, मागे धुळीचा लोट, आणि शटर एक छेद दोन हजारावर असलं तर बैलाचे पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे खटखट दिसतात, धुळीचा कण न् कण जागीच थिजलेला. एक छेद ५० वर तीच जोडी धावताना दिसते. मात्र ड्रोन जनावरांपासून दूर ठेवा आणि आयोजकांना आधी विचारा. भोंग्यासारख्या आवाजाने बैल बिथरला तर तुमच्या शटरला कोणी विचारणार नाही, तुम्हाला विचारतील.

लग्नाच्या मांडवात आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. ३० फ्रेम आणि एक छेद ६० ठेवलं तर रोषणाईत पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि एक छेद ५० ठेवलं की बहुतेक वेळा जातात. कंट्रोलरच्या दिव्यांच्या माळांची खात्री नाही, त्या मनमानी चालतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने रंग कसे धरायचे ती सोय, तीही ऑटोवरून काढा. दिवसा ५६०० वर बांधून टाका, नाहीतर उजेड स्थिर राहील आणि रंग सरकतील.

फिल्टर आपल्याच मॉडेलचा घ्या. ड्रोनची कॅमेऱ्याची मान नाजूक असते, जड काच चढवली की ती थरथरते. आणि ड्रोन चालू करण्याआधी चढवा, नंतर नाही. उन्हाळ्याचं म्हणाल तर बऱ्याच छोट्या ड्रोनला ४० अंशांची मर्यादा असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ सहज होतात. सकाळी आठच्या आत आटपा. नियम थोडक्यात: ड्रोनच्या नोंदणीचं आधी तपासून घ्यायचं, सरकारी नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतच उडवायचा, आणि ताडोबा-मेळघाटकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय काढायचाच नाही.

ज्यांच्या ड्रोनमध्ये मॅन्युअल गवसत नाही, त्यांनी निदान पडद्यावर बोट दाबून धरावं. डीजेआयच्या ॲपमध्ये उजेड तिथल्या तिथे बांधला जातो. एवढ्यानेही मधातलं आभाळ जातं.

काकांकडे मी चार दिवसांनी पुन्हा गेलो. सकाळचे अकरा, एनडी ६४, शटर एक छेद ५०, आयएसओ १००, उजेड कापसावर बसवलेला. तोच शॉट, तीच बाभूळ. आभाळापर्यंत कॅमेरा गेला तरी वावर जागच्या जागी उजळ राहिलं. संध्याकाळी तीच ओसरी. काकांनी व्हिडिओ एकदा पाहिला, परत लावायला सांगितला, मग मोबाइल नाकाजवळ नेला. मी वाट बघतोय कौतुकाची. त्यांनी बोट ठेवलं ते एका कोपऱ्यावर. "हे पाह्य. धुऱ्याकडच्या तीन ओळी वेचल्याच नाहीत बायांनी. अन् पैसे घेऊन गेल्या पूर्ण वावराचे."

पहिल्या व्हिडिओत तो कोपरा नुसता मळका, अंधारात बुडालेला होता. आता बोंडं दिसत होती. काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि मुकादमाच्या घराकडे निघाले.